फेसासकट बिअर : चेक लेझाकची चव कशी घ्यावी

महाराष्ट्रातल्या बहुतेक परमिट रूममध्ये बिअर ओतण्याची एकच रीत मानली जाते. ग्लास तिरका धरायचा, बाटलीचे तोंड त्याच्या काठाला टेकवायचे आणि फेस येऊ न देता ग्लास गळ्यापर्यंत भरायचा. फेस आला की ओतणारा अनाडी ठरतो, आणि नळाच्या बिअरवर दोन बोटे फेस दिसला तर गिऱ्हाइकाला आपल्याला मापात फसवल्यासारखे वाटते. चेक प्रजासत्ताकातल्या होस्पोदेत, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या साध्या मद्यगृहात, नेमके उलटे चालते. तिथे फेसावाचून आलेली बिअर म्हणजे कोणीतरी ओतून ठेवून विसरलेली, शिळी झालेली बिअर असा समज होतो. आणि मापाचा प्रश्न तिथे ग्लासानेच सोडवलेला असतो, कारण अर्ध्या लिटरचा ग्लास प्रत्यक्षात त्याहून मोठा असतो आणि त्यावर अर्ध्या लिटरची रेघ आखलेली असते. फेस बसल्यावर बिअर त्या रेघेला भिडली पाहिजे एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. तेव्हा चेक बिअरचा आस्वाद घ्यायला शिकायचे तर पहिला धडा फेसाविषयीचे आपले मत बदलण्याचा आहे.

ज्या बिअरविषयी येथे लिहीत आहे तिला चेक भाषेत ‘स्वेत्ली लेझाक’ म्हणतात. ‘स्वेत्ली’ म्हणजे फिकट रंगाची, आणि ‘लेझाक’ हा शब्द ‘पडून राहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आंबवण झाल्यानंतर ही बिअर गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत कित्येक आठवडे नुसती पडून राहते. लोणच्यासाठी आपण ‘मुरणे’ हा जो शब्द वापरतो तोच येथेही चपखल बसतो. ताज्या बिअरमधला गंधकासारखा उग्र वास या काळात उडून जातो, यीस्ट स्वतःच निर्माण केलेली काही नकोशी द्रव्ये परत शोषून घेते, आणि वेगवेगळ्या जाणवणाऱ्या चवी एकजीव होतात. चेस्के बुद्येयोवित्से येथील बुदवार ही सरकारी मालकीची कंपनी आपली मुख्य बिअर ९० दिवस मुरवते. बाजारात याहून पुष्कळ घाई करणारे उत्पादक आहेत, आणि ती घाई जिभेला कळते.

या बिअरचा जन्म प्लझेन्य गावचा. १८३८ साली तिथल्या नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली आणि स्वतःची सामाईक ब्रुअरी बांधायचे ठरवले. तिच्यासाठी शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तरुण बिअरकार आणण्यात आला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली खेप शिजवली आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, ती लोकांपुढे आली. तोवर मध्य युरोपातील बिअर बहुधा गढूळ आणि गडद असे. ही मात्र सोन्यासारखी पारदर्शक निघाली. त्यामागे ग्रोलचे कौशल्य जितके होते तितकाच योगही होता. धुराचा वा जळकेपणाचा अंश लागू न देता वाळवलेला मोराव्हियातील सातूचा फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, झातेत्स परिसरातील हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी वेलीची फुले, थंडीत तळाशी बसून काम करणारे बव्हेरियन यीस्ट आणि प्लझेन्यचे अतिशय मृदू पाणी या चार गोष्टी एका कढईत आल्या. यांतील पाण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण माझ्या मते निर्णायक गोष्ट तीच आहे. क्षारयुक्त पाण्यात हॉप्सचा कडूपणा टोकदार आणि रखरखीत होतो. मृदू पाण्यात तेवढेच हॉप्स घातले तरी कडूपणा गोलाईदार राहतो, त्यामुळे हात सैल सोडून हॉप्स वापरता येतात. आज जगात खपणाऱ्या बहुसंख्य बिअर या प्लझेन्यच्या बिअरच्या दूरच्या वंशज आहेत. मात्र वंश वाढता वाढता त्यातून माल्ट, हॉप्स आणि वेळ या तिन्ही गोष्टी पातळ होत गेल्या.

पुढे चव ओळखायची तर शिजवण्याची एक जुनी पद्धत माहीत असलेली बरी. दळलेला माल्ट कोमट पाण्यात कालवला की सातूतील पिष्टाची साखर होऊ लागते. चेक पद्धतीत या कालवणाचा साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढून वेगळ्या कढईत खळखळून उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात घालतात, म्हणजे सगळ्याचे तापमान एक पायरी वर चढते. प्लझेन्यच्या त्याच ब्रुअरीच्या पिल्सनर उर्केल या बिअरसाठी हे तीनदा केले जाते, आणि तेही थेट आगीवर ठेवलेल्या तांब्याच्या कढयांमध्ये. थर्मामीटर नव्हते त्या काळी तापमान अचूक वाढवण्याची ही युक्ती होती. आज तिची तशी गरज उरलेली नाही, शिवाय तिला इंधन आणि तास दोन्ही जास्त लागतात. तरीही ती टिकून आहे, कारण उकळीमुळे रंग किंचित गडद होतो आणि चवीला खरपूस भरीवपणा येतो. पोळीवर पडलेल्या तपकिरी डागांची जी चव असते तिचा अगदी सौम्य अंश या बिअरमध्ये सापडतो, आणि तो कोठून आला याचे उत्तर या कढईत आहे.

आता फलकावरचे आकडे कसे वाचायचे ते पाहू, कारण येथे नवखा मनुष्य हमखास फसतो. चेक मद्यगृहात बिअर १०, ११ किंवा १२ अशा अंशांनी मागतात. ‘देसीत्का’ म्हणजे दहाची, ‘द्वानात्स्तका’ म्हणजे बाराची. हा आकडा मद्यार्काचा नव्हे. आंबवण्यापूर्वीच्या गोड रसात वजनाने किती टक्के साखर आणि इतर विरघळलेले घटक होते ते तो सांगतो, आणि हे मोजण्याची रीत प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ कारेल बालिंग यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली. चेक नियमांनुसार ७ ते १० अंशांची ती ‘वीचेप्नी’ आणि ११ ते १२ अंशांची ती ‘लेझाक’. दहाच्या बिअरमध्ये सुमारे ४ टक्के आणि बाराच्या बिअरमध्ये सुमारे ५ टक्के मद्यार्क असतो. पिल्सनर उर्केल बाराची असूनही तिच्यात मद्यार्क ४.४ टक्केच आहे, कारण थोडी साखर आंबवल्याविना मागे राहू दिली जाते आणि तीच तोंडात भरीवपणा म्हणून जाणवते. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ हा बिअरचा गुण समजण्याची जी सवय लागली आहे ती येथे कामाची नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने बाराची मागावी. दुपारचे जेवण घेऊन पुढे हिंडायचे असेल तर दहाची पुरे.

ठिकाण निवडताना पाटीपेक्षा गर्दी पाहावी. ही बिअर ताजी असेपर्यंतच तिचे सगळे गुण शाबूत असतात, आणि जिथे पिंप पटापट रिकामे होते तिथेच ती ताजी मिळते. दारावर ‘तांकोव्हना’ असे लिहिलेले असेल तर आणखी उत्तम. अशा ठिकाणी ब्रुअरीतून आलेली पाश्चराइझ न केलेली बिअर मोठ्या थंड टाक्यांमध्ये साठवतात. टाकीच्या आत एक पिशवी असते आणि तिच्याबाहेर हवेचा दाब देऊन बिअर वर ढकलली जाते, त्यामुळे बिअरला बाहेरचा वायू लागतच नाही. पाश्चराइझ केलेल्या बाटलीशेजारी ही ठेवून पाहिली तर ताजे दूध आणि डब्यातले दूध यांत जो फरक असतो तसा काहीसा फरक दिसतो. प्लझेन्यला जाणे झाले तर ब्रुअरीखालच्या तळघरात लाकडी पिंपातून काढलेली, न गाळलेली बिअर चाखायला मिळते. ती किंचित गढूळ असते आणि तिच्यात यीस्टचा पावासारखा वास असतो. प्रागमध्ये १८४३ पासून प्लझेन्यची बिअर देणारे ‘उ पिंकासू’ हे मद्यगृह आजही चालू आहे. यकुब पिंकास हा त्याचा पहिला मालक व्यवसायाने शिंपी होता. हुसोवा रस्त्यावरच्या ‘उ झ्लातेहो तिग्रा’ या मद्यगृहात १९९४ साली राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी बिल क्लिंटन यांना नेले होते, मात्र नेहमीच्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या खोलीत परक्याला बाकावर जागा मिळणे हे नशिबाचे काम आहे.

बसण्याआधी शक्य असेल तर नळाजवळ थोडा वेळ उभे राहून ओतणाऱ्याचे हात पाहावेत. ‘बिअर बिअरकार शिजवतो, पण घडवतो ती मद्यगृहवाला’ अशा अर्थाची एक चेक म्हण आहे, आणि ती अतिशयोक्ती नाही. ग्लास आधी थंड पाण्यात बुचकळून ओला केला जातो, म्हणजे धुण्याच्या पावडरीचा अंश राहत नाही आणि काच फार गरमही राहत नाही. बाजूला वळणारी मूठ असलेल्या चेक नळात गोल झडप आणि बारीक जाळी असते, त्यामुळे मूठ किती फिरवली यावर प्रवाह आणि फेस दोन्ही ठरवता येतात. चांगला ओतणारा आधी ग्लासाच्या तळाशी दाट, ओलसर फेस सोडतो, आणि मग नळाची चोच त्या फेसात बुडवून खालून बिअर भरतो. बिअर चढत जाते तसा फेस झाकणासारखा वर उचलला जातो. हे झाकण हवेला आत येऊ देत नाही, विरघळलेला वायू लवकर निसटू देत नाही आणि हॉप्सचा सुवास धरून ठेवते. एकदा हे पाहिले की तिरक्या ग्लासातून आलेली बिनफेसाची बिअर उघड्यावर ठेवलेल्या चहासारखी वाटू लागते.

ओतण्याचे प्रकारही आहेत. ‘ह्लादिंका’ हा नेहमीचा प्रकार, यात वर सुमारे तीन बोटे फेस असतो; काही न सांगता मागितली तर बहुधा हीच येते. ‘श्नित’ मध्ये मोठ्या ग्लासात दोन भाग बिअर, तीन भाग फेस आणि एक भाग रिकामा असा हिशेब असतो. पुरी एक नको पण उठवतही नाही अशा वेळी ती मागतात. ‘म्लीको’ म्हणजे दूध. यात जवळजवळ सगळा ग्लास पांढऱ्या ओल्या फेसाचा असतो आणि तो फेस बसायच्या आत एका दमात प्यायचा असतो. हा प्रकार आपल्या माणसाला थट्टेसारखा वाटतो, पण म्लीको तोंडात सायीसारखे मऊ आणि चक्क गोडसर लागते. फेस म्हणजे हवा या समजुतीवर याहून चांगला उतारा नाही. ‘चोख्तान’ हा फेस अजिबात नसलेला प्रकार फारच थोडे लोक मागतात, आणि तो मागण्याचे कारण मला अजून पटलेले नाही.

ग्लास समोर आला की आधी पाहावे. रंग गडद सोनेरी असावा, आणि गाळलेली बिअर असेल तर तिच्यातून पलीकडचे अक्षर दिसावे. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. फेसाला साबणासारखी मोठी छिद्रे नकोत. तो साईसारखा सलग हवा. पिताना प्रत्येक घोटाची खूण म्हणून काचेवर फेसाचे एक कडे उरते, आणि स्वच्छ ग्लासात शेवटी ही कडी मोजून घोट किती झाले ते सांगता येते.

नंतर वास. वाइनसारखा ग्लास फिरवत बसण्याचे येथे कारण नाही. फेसाजवळ नाक नेले की पुरते. झातेत्सच्या हॉप्सचा वास संत्र्या-आंब्याकडे झुकणारा नसतो. नुकत्याच कापलेल्या गवताचा, सुकवलेल्या वनौषधींचा आणि किंचित मसाल्याचा असा तो संयमी वास आहे. झातेत्स गाव आणि भोवतालचा हॉप्सचा प्रदेश २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. या वासाखाली माल्टचा पावासारखा, भाजलेल्या सातूच्या पिठासारखा वास येतो. क्वचित लोण्याची अगदी पुसट छटाही लागते. यीस्टमुळे तयार होणारे डायअसिटिल हे तिचे कारण आहे. इतर देशांतील बिअरकार तिला दोष मानतात, चेक बिअरमध्ये मात्र ती थोडी असली तर चालते. तीच छटा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नइतकी ठळक असेल तर नळाच्या नळ्या अस्वच्छ असण्याचा संशय घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झालेली आहे.

पहिला घोट मोठा असावा. चमचाभर बिअर जिभेवर घोळवून निकाल देण्याची पद्धत येथे लागू पडत नाही, कारण या बिअरची मौज चढण्या-उतरण्याच्या क्रमात आहे. फेसातून ओठ बिअरपर्यंत पोचले की आधी माल्टची गोडी येते आणि मधल्या वेळेत तोंड भरल्यासारखे वाटते. मग कडूपणा उभा राहतो, आणि घोट गिळल्यावरही काही क्षण जिभेच्या मागच्या भागावर टिकतो. कडूपणा मोजण्याचे जे एकक आहे त्यात पिल्सनर उर्केल ४० च्या जवळपास पोचते; जगभर खपणाऱ्या सौम्य लागर बिअरमध्ये हा आकडा बहुधा १० ते २० असतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाच्या पाल्यात गूळ घालतात तेव्हा दोन्ही चवी एकमेकींना सावरून धरतात, तसे माल्ट आणि हॉप्सचे येथे नाते आहे. नुसता कडूपणा जाणवला तर दोन शक्यता असतात. एक तर बिअर खरोखर तोल गेलेली असते, किंवा ती इतकी गार असते की गोडी जिभेला कळतच नाही. म्हणून ही बिअर सुमारे ७ अंश सेल्सियसला देतात. बर्फ जमलेला ग्लास दिसायला मोहक असला तरी तो जीभ बधिर करतो आणि फेस बिघडवतो.

चेक मंडळी बिअरला जो मोठा दाखला देतात तो ‘पितेल्नोस्त’ या शब्दाने, म्हणजे ती पुन्हा पुन्हा प्यावीशी वाटण्याच्या गुणाने. पहिल्या घोटाला दिपवणारी आणि अर्ध्या ग्लासात कंटाळा आणणारी बिअर तिथे मान मिळवत नाही. तेव्हा मत बनवायचेच असेल तर पहिला ग्लास संपत आल्यावर, तळाशी राहिलेली बिअर थोडी कोमट झालेली असताना बनवावे. त्या शेवटच्या दोन घोटांतही माल्ट स्वच्छ लागला, कडूपणा घशात अडकला नाही आणि हात आपोआप दुसरीसाठी वर गेला, तर बिअर चांगली होती. तीन-चार ब्रुअरींच्या लहान लहान ग्लासांची ओळ मांडून तुलना करण्याची फॅशन हल्ली प्रागमध्येही आहे. या बिअरवर ती अन्याय करते असे मला वाटते.

घरी बाटली किंवा कॅन हाती लागला तर तयार केल्याची तारीख आधी पाहावी. बाटली तपकिरी काचेची असेल तर ठीक. हिरव्या काचेतून प्रकाश आत जातो आणि हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन गंधकाचा उग्र दर्प सुटतो. दुकानाच्या उन्हातल्या खिडकीत मांडलेली बाटली म्हणूनच घेऊ नये. कॅनला ही भीती नाही. फ्रीजमधून काढल्यावर आपल्याकडच्या हवेत पाच-दहा मिनिटे थांबणे पुरते. ग्लास गरम पाण्याने धुऊन, भरपूर खळबळून, शेवटी थंड पाण्याने ओला करावा आणि पुसू नये. मग ग्लास सरळ उभा ठेवून, थोड्या उंचीवरून धार सोडत तिसरा हिस्सा भरेल एवढा फेस करावा, तो घट्ट होईपर्यंत मिनिटभर थांबावे, आणि उरलेली बिअर ग्लास किंचित कलता करून त्या फेसाखाली हळूहळू सरकवावी. पहिल्या दोन-तीन वेळा फेस ओट्यावर सांडेल. नळासारखा दाट फेस बाटलीतून येणार नाही, पण तिरक्या ग्लासापेक्षा फार पुढचा पल्ला गाठता येतो.

चखण्याविषयी थोडक्यात. तिकडे व्हिनेगरमध्ये मुरवलेले ‘उतोपेनेत्स’ हे जाड सॉसेज, तेल-कांद्यात मुरवलेले हेर्मेलीन चीज, किंवा जेवणात गुलाश आणि वाफवलेल्या पिठाचे क्नेदलीक असतात. खारट, आंबट आणि स्निग्ध चवींना कडूपणा कापत जातो. घरी चकली किंवा खारे शेंगदाणे छान जातात. फार झणझणीत पदार्थ मात्र टाळावा, कारण वायूमुळे तिखटाचा दाह वाढतो आणि मग बिअर फक्त आग विझवायला उरते. तळलेले खाऊन ओठ न पुसता पिऊ नये, एवढीही काळजी घ्यावी. तेलाचा थेंब फेसाला क्षणात खाली आणतो.

होस्पोदेत बसण्याचे काही संकेत आहेत. टेबल भरलेले असेल तर रिकाम्या खुर्चीविषयी विचारून अनोळखी लोकांशेजारी बसता येते. समोर पुठ्ठ्याची चकती ठेवलेली असते, ती आपल्यापुढे ओढली की बिअर हवी असे समजतात. ग्लास भिडवताना ‘ना झ्द्रावी’ म्हणावे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. ग्लासाकडे पाहत भिडवणे उद्धट दिसते. जुन्या ग्लासातली उरलेली बिअर नव्या ग्लासात कधीही ओतू नये, त्यासारखा असंस्कृतपणा तिथे नाही. गाडी चालवायची असेल तर बिअरच घेऊ नये, कारण त्या देशात चालकाच्या रक्तात मद्याचा अंशही चालत नाही. काही जुन्या ठिकाणी ग्लास रिकामा होताच न विचारता दुसरा येतो, त्यामुळे पुरे झाले असेल तर आधीच सांगावे लागते. प्रत्येक ग्लासाबरोबर वेटर टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढतो. ही पट्टी भिजू देऊ नये आणि खिशातही घालू नये. उठायच्या वेळी ‘झाप्लातीम’, म्हणजे पैसे देतो, असे म्हटले की तो येतो, रेघा मोजतो आणि त्याच पट्टीवर बेरीज मांडतो.